पीपी नंबरवरचे ते दोन तास

आमच्या ऑफिसात अधूनमधून कुणीतरी मोबाईलवर जुन्या मॉडेमचा आवाज लावतं. ती कर्कश किरकिर, मग खरखर, मग सगळं एकदम गप्प. लोक हसतात, ‘काय दिवस होते’ म्हणतात आणि आपापल्या पहिल्या कॉम्प्युटरच्या गोष्टी काढतात. मी उठून पाणी प्यायला जाते. कुणी विचारलंच तर डोकं दुखतंय म्हणून सांगते. डोकंबिकं काही दुखत नाही. लाज वाटते, आणि चाळिशी उलटली तरी ती जात नाही, म्हणून एकदाची लिहून टाकते.

आमचं घर राहात्याला. बाबा हायस्कुलात गणित शिकवायचे. गल्लीतला पहिला फोन आमचा आणि पहिला कॉम्प्युटरही आमचाच. तो बाबांनी नगरहून जोडून घेतला आणि टेम्पोत गादी घालून आणला. मॉनिटर स्वतःच्या मांडीवर घेऊन ते ड्रायव्हरशेजारी बसले होते, आणि प्रत्येक खड्ड्याला ‘अरे हळू, हळू’ करून त्यांनी त्या माणसाला भंडावून सोडलं. आईनं मॉनिटरला कुंकू लावलं. नारळ मात्र अंगणात फोडायला लागला, कारण पाणी उडेल. त्या खोलीत चपला घालून जायचं नाही, ओले हात लावायचे नाहीत, शिंक आली तर बाहेर पळायचं. पाहुणा आला की जेवणाआधी त्याला कॉम्प्युटर दाखवायचा आणि जेवण झाल्यावर पुन्हा दाखवायचा. पाहुणेही बिचारे दोन्ही वेळा ‘वा’ म्हणायचे.

फोनची गोष्ट वेगळी होती. तो नावाला आमचा होता. गल्लीतल्या आठ-दहा घरांनी पत्रांवर, लग्नपत्रिकांवर, अर्जांवर आमचाच नंबर दिलेला असायचा आणि पुढे लिहिलेलं असायचं, पीपी. म्हणजे फोन आमच्याकडे यायचा आणि माणूस त्यांच्या घरून बोलावून आणायचा. ‘धरा हं, बोलावते’ म्हणत मी लहानपणापासून किती वेळा अनवाणी धावलेय त्याला मोजदाद नाही. बाबांना याचा त्रास वाटायचा नाही. उलट कुणी संकोचानं ‘गुरुजी, तुमचा नंबर देऊ का?’ म्हटलं तर ते म्हणायचे, ‘द्या की, फोन काय एकट्यानं बोलायला घेतलाय?’

मग इंटरनेट आलं, आणि ते आलं फोनच्याच तारेवरून. तासांवर मिळायचं. पन्नास तासांचं पाकीट विकत आणायचं, त्यातला पासवर्ड टाकायचा, की मॉडेम किंचाळायला लागायचा. इंटरनेट चालू असलं की फोन बंद. बाहेरून कुणी लावला तर त्याला नुसता बिझीचा आवाज ऐकू येणार. म्हणून बाबांनी पहिल्याच दिवशी मला समोर बसवून नियम सांगितला. इंटरनेट फक्त रविवारी, सकाळी सहा ते साडेसहा. तेव्हा कुणाचा फोन येत नाही. बाकी वेळी फोन लोकांचा आहे.

नियम मला पाठ होता. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोयच नाही.

आमच्या भिंतीला भिंत लागून काकूंचं घर होतं. पेरूची बाग होती त्यांची, गावाबाहेर. काकू पारनेरकडच्या एका कोरड्या गावातून इकडे पाटाच्या पाण्याच्या मुलखात दिलेल्या. बोलणं सगळं तिकडचं, मोठ्यानं आणि हात हलवून. त्या फोनवर इतक्या ओरडून बोलायच्या की बाबा म्हणायचे, ‘फोन ठेवून दिला तरी भावाला ऐकू जाईल.’ भाऊ एकुलता एक. म्हातारी आई त्याच्याकडे होती आणि त्या उन्हाळ्याच्या तोंडाला तिनं अंथरूण धरलं होतं.

काकू दोनदा जाऊन भेटून आल्या होत्या. दुसऱ्या वेळी निघताना म्हातारीनं त्यांचा हात धरून ठेवला होता आणि म्हणाली होती, ‘तुज्या हातचं पानी पिऊनच जाईन मी.’ हे काकूंनी आमच्या ओट्यावर बसून माझ्या आईला सांगितलं तेव्हा दोघीही रडल्या. भावाशी ठरलं होतं की काही कमीजास्त वाटलं तर तो गावातल्या एसटीडी बूथवरून आमच्याकडे फोन करेल आणि काकू मिळेल त्या जीपनं निघतील. तेव्हापासून काकू दिवसातून चार वेळा आमच्या दारात यायच्या आणि एकच विचारायच्या, ‘फोन आलता का गं?’

तो गुरुवार होता. आई गुरुवारी शिर्डीला दर्शनाला जायची, ती गेली होती. बाबा शाळेत. मी सतरा वर्षांची, बारावीची परीक्षा तोंडावर, घरात एकटी. आदल्या दिवशी कॉम्प्युटरच्या क्लासमधल्या मैत्रिणीचा पुण्याहून फोन आला होता. तिच्या वडिलांची तिकडे बदली झाली होती. ‘तुला वाढदिवसाचं कार्ड पाठवलंय, ईमेलवर. उघड, हलतं ते!’ म्हणाली. हलतं! मला रात्रभर दुसरं काही सुचलं नाही. रविवारपर्यंत थांबायला माझ्या जिवावर आलं होतं. पासवर्ड बाबांच्या डायरीत होता, डायरी कपाटात, आणि कपाटाची किल्ली देवाच्या मागे. साडेबाराला मी कॉम्प्युटर चालू केला. दहाच मिनिटं, असं स्वतःला बजावलं.

दहा मिनिटं नुसतं मेलचं पान उघडायला लागली. मग कार्डाची लिंक. मग चित्र वरून खाली एकेक पट्टी यायला लागलं. आधी निळं आकाश, मग फुगे, मग दोन तपकिरी कान. अस्वल होतं. मी खुर्चीच्या कडेवर येऊन बसले होते. अस्वल डोळ्यांपर्यंत आलं आणि लाईन तुटली. पुन्हा जोडली. पुन्हा आकाशापासून सुरुवात.

सव्वाच्या सुमाराला काकू दारात आल्या.

‘फोन आलता का गं?’

‘नाही.’

‘वाजलाच न्हाई?’

‘नाही काकू. मी इथंच तर बसलेय, फोनशेजारी.’

यातला एकही शब्द खोटा नव्हता. तरी त्याच्याएवढं खोटं मी आयुष्यात दुसरं बोललेले नाही.

‘काय करतीस?’

‘अभ्यास.’

‘कर बाई, कर,’ म्हणाल्या आणि दारातून परत जाण्याऐवजी आत येऊन भिंतीला टेकून बसल्या. त्यांना काय ठाऊक, की फोनची तार आणि या यंत्राची तार एकच आहे? गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या फोनकडे बघत बसल्या. त्यावर आईनं विणलेला रुमाल घातलेला असायचा. काकूंनी तो काढून बाजूला ठेवला, जणू त्याच्यामुळे वाजायला अडचण होत असावी.

‘आज जिवाला लई हुरहूर लागलीया,’ त्या म्हणाल्या. ‘पेरूची तोड हाय, मानसं लावल्यात, न्हाईतर आजच गेले असते. उद्या पयल्या गाडीनं जाते. येक दिवसानं काय हुतंय म्हना. भाऊ म्हनला परवा, पेज घेती थोडी थोडी.’

मी मान हलवली. पडद्यावर अस्वल नाकापर्यंत आलं होतं.

तेवढ्यात लाईन पुन्हा तुटली. मॉडेमचे दिवे विझले. आता फोन मोकळा होता. काकू समोर बसलेल्या, डोळे फोनवर, आणि माझा हात माऊसवर. फक्त हात काढून घ्यायचा होता. काहीच करायचं नव्हतं, नुसतं न करणं तेवढं करायचं होतं. मी पुन्हा डायल केलं. मॉडेम किंचाळला तशा काकू दचकल्या, ‘अगं बया, काय झालं त्याला?’

‘काही नाही, असंच ओरडतो तो.’

पाऊण तास बसल्या असतील. मग तोडीवरच्या माणसांना चहा न्यायचा म्हणून उठल्या. जाताना बजावलं, ‘ध्यान ठिव पोरी. वाजला की पळत ये.’ मी हो म्हटलं. अडीचला अस्वल एकदाचं पूर्ण आलं. त्यानं दोनदा डावीकडे, दोनदा उजवीकडे उडी मारली, हातातले फुगे हलवले, आणि पुन्हा तेच. पुन्हा तेच. एवढंच होतं. मी कॉम्प्युटर बंद केला, कव्हर नीट घातलं, किल्ली देवाच्या मागे ठेवली आणि फोनवर रुमाल टाकला.

संध्याकाळी साडेपाचला काकूंचा चुलतभाऊ मोटारसायकलवरून आला. धुळीनं पांढरा झालेला. ‘आईचं काई खरं न्हाई, चल लगीच.’ काकू हातातलं तसंच टाकून, पायात काही न घालता जीपमध्ये बसल्या. त्या पोचायच्या कितीतरी आधी, पाचलाच, म्हातारी गेली होती.

पुढचं सगळं आम्हाला चौथ्या दिवशी कळलं, काकू परत आल्या तेव्हा. सुतकात माहेरी थांबायचं सोडून त्या निघून आल्या होत्या. भाऊ म्हणाला होता, साडेबारापासून अडीचपर्यंत मी फोन लावत होतो, तो बिझी होता, मग आईला घरघर लागली म्हणून मला घरी बोलावून नेलं. शुद्ध जाईपर्यंत आई तुझंच नाव घेत होती. आणि काकूंनी भरल्या घरात, माणसांसमोर त्याला खोटारडा म्हटलं. ‘मी सोता त्या फोनम्होरं बसले हुते! गुरुजींची पोरगी बसली हुती! येकदा वाजला न्हाई त्यो!’ महिन्याभरापूर्वीच त्यांनी पारनेरला जाऊन माहेरच्या जमिनीवरचा हक्क सोडल्याचा कागद करून दिला होता, बहिणी देतात तसा, हसत, भावाच्या घरचं पुरणपोळीचं जेवण जेवून. आता त्याचा अर्थ त्यांच्या डोक्यात फिरला. ‘सही झाली, भईनीचं काम संपलं. आईच्या तोंडात पानी घालाया बी बलावलं न्हाई.’

हे त्या माझ्या आईला सांगत होत्या आणि मी चहाचा ट्रे धरून उभी होते. ‘इचारा की हिला,’ काकू म्हणाल्या. आईनं माझ्याकडे पाहिलं. ‘नाही वाजला,’ मी म्हटलं. करून सवरून नामानिराळी!

रविवारी बाबांनी नियमानं सकाळी सहाला इंटरनेट लावलं आणि हिशेबात दोन तास कमी दिसले. मी शेजारच्या खोलीत पुस्तक उघडून बसले होते. पण बाबांच्या डोक्यात माझा संशयसुद्धा आला नाही. ‘लुबाडतात हे लोक!’ म्हणाले आणि त्यांनी त्या पाकीटवाल्या कंपनीला आयुष्यातला पहिला ईमेल लिहिला. तक्रारीचा, इंग्रजीत, शब्दकोश शेजारी घेऊन. मला बोलावून स्पेलिंग तपासून घेतलं. मी तपासलं. एक चूक काढूनही दिली. आज त्या मुलीच्या दोन थोबाडीत द्याव्यात असं वाटतं मला.

त्या दिवसांत मला जेवण जायचं नाही. फोन वाजला की मी उठायचे नाही, आईला उचलायला लावायचे. आईला वाटायचं, परीक्षेचं टेन्शन. ती माझ्यावरून मीठमोहऱ्या उतरवून टाकायची. भिंतीपलीकडून काकूंचा आवाज येणंच बंद झालं होतं, आणि त्या बाईचा आवाज ऐकू न येणं हे गल्लीला सहन होत नव्हतं.

बाराव्या दिवशी काकूंचा भाऊ आला. आधी त्यांच्या दारात गेला. आतून कडी होती, ती निघाली नाही. मग आमच्याकडे आला. डोकं भादरलेलं, डोक्यावर टोपी, खुर्चीवर बसतानासुद्धा टेकला नाही.

‘गुरुजी, भांडाया न्हाई आलो,’ म्हणाला. ‘उद्या आईचं तेरावं हाय. भईन न्हाई आली तर आमचं नातं मोडलं समजा. येकच इचारतो. त्या दिशी तुमच्या फोनला काय झाल्तं?’

‘काहीच नाही हो,’ बाबा म्हणाले. ‘चालू होता. पोरगी घरीच होती. काय गं?’

मी मान हलवली. हो की नाही, माझं मलाच कळलं नाही.

तो हसला, पण ते हसणं बघवत नव्हतं. ‘बूथवाल्याला म्हनलं, चिठ्ठी दे, भईनीला दाखवतो. त्यो म्हनला, लागलेल्या फोनची चिठ्ठी निगती मशीनमदून. न लागलेल्याची निगत न्हाई. आता सांगा, माज्याकडं पुरावा काय?’

‘किती वेळ लावत होता तुम्ही?’ बाबांनी विचारलं.

‘साडेबारा ते अडीच. धा-धा मिन्टाला.’

‘म्हणजे दोन तास,’ बाबा म्हणाले. त्यांनी चष्मा काढला. कॉम्प्युटरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. गणिताच्या मास्तरला याहून जास्त काही लागत नाही. त्यांनी मला ओरडायला हवं होतं, कान पिळायला हवा होता. नुसते बघत राहिले. तो माणूस नमस्कार करून उठला, चपला घालून बाहेर पडला, तरी बाबा बघतच होते.

मी बाबांच्या नजरेला घाबरून बोलले की त्या भादरलेल्या डोक्याकडे बघून, हे मला आजही सांगता येत नाही. चांगुलपणानं बोलले असं म्हणायला जीभ धजत नाही. मी धावत बाहेर गेले. तो पुन्हा काकूंच्या दाराशी उभा होता, जाता जाता एकदा शेवटचा. ‘अक्का, जातो गं,’ एवढंच बंद दाराला म्हणत होता.

‘मामा, फोन बिझी होता,’ मी म्हणाले. मग मोठ्यानं म्हणाले, दारापलीकडे जाईल असं. ‘मीच बिझी ठेवला होता. इंटरनेट चालू केलं होतं मी. ते चालू असलं की फोन लागत नाही. काकू, मामा खोटं बोलत नाहीत. मी बोलले.’

गल्लीत दोन-तीन दारं उघडली. तो माझ्याकडे बघत राहिला. मग टोपी काढून त्यानं तोंडावर धरली आणि तो मोठा, धिप्पाड माणूस रस्त्यात उभा राहून रडायला लागला.

कडी निघाली. काकू दारात आल्या. बारा दिवसांत निम्म्या झाल्या होत्या. त्या मारतील असं वाटलं, मी डोळे मिटून घेतले. मारलं नाही.

‘मी म्होरं बसले हुते तवा?’

‘हो.’

‘माज्या देखत?’

‘हो, काकू.’

‘अब्यास करत हुतीस ना?’

‘नाही.’

‘मग काय बगत हुतीस?’

त्यांनी पुन्हा विचारलं, आवाज न चढवता, खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं. ‘काय बगत हुतीस, सांग की.’

‘अस्वल,’ मी म्हणाले. ‘नाचणारं अस्वल.’

बाबा पाठीमागे येऊन उभे राहिलेले मला दिसले, आईनं तोंडाला पदर लावला होता. काकू आत गेल्या, एका पिशवीत लुगडं भरलं, दाराला कुलूप घातलं आणि भावाच्या मागे मोटारसायकलवर बसल्या. बसताना त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो हात तिथंच होता, गाडी वळेपर्यंत.

बाबांनी त्याच दिवशी इंटरनेट काढून टाकलं. मला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

तेरावं करून काकू तिसऱ्या दिवशी परत आल्या. भाऊ सोडायला आला होता, आमच्याकडे चहा पिऊन गेला, माझ्याशी नीट बोललासुद्धा. ‘पोर हाय, चुकतं,’ म्हणाला. तेराव्याच्या गोड जेवणातले लाडू काकूंनी गल्लीत घरोघरी वाटले. आमच्याकडे शेवटी आल्या. आईच्या हातात डबा दिला, बाबांशी पेरूच्या भावाचं बोलल्या. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मला वाटलं, संपलं. मी पुढे होऊन त्यांच्या पाया पडायला वाकले.

त्यांनी मला खांद्याला धरून उठवलं. माझ्या हातावर एक लाडू ठेवला आणि मूठ स्वतःच्या हातानं मिटवली.

‘भाऊ दिलास गं माघारी,’ त्या म्हणाल्या. ‘आई कुठनं देशील?’